जुन्या मोबाईलचे कुलूप उघडायचे की नाही?

चळवळीत काम करणाऱ्या माणसाचा मोबाईल त्याच्या एकट्याचा नसतो. त्यात वस्तीतल्या पोरांचे जातीचे दाखले असतात, शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या पावत्या असतात, एखाद्या ताईच्या अंगावरच्या वळांचे फोटो असतात, पोलीस ठाण्यात फिर्याद घ्यायला लावली त्या रात्रीचे बोलणे असते. असा मोबाईल जुना झाला की त्याचे काय करायचे, हा प्रश्न घरगुती राहत नाही. तो संघटनेचा प्रश्न होतो, आणि आमच्या मते तो विचारांचाही प्रश्न आहे. म्हणून हा लेख.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत आम्ही चार-पाच जण जे काम करतो, त्याचा बराचसा भार २०१९ साली घेतलेल्या एका मोबाईलवर आहे. भवानीनगरच्या ऊसतोड मजुरांच्या कोप्यांपासून निमगाव केतकीपर्यंत आणि पुढे भिगवणच्या बाजूला, जिथे जावे लागते तिथे तो गेला आहे. कंपनीचे नाव घेत नाही. स्वस्त मोबाईलच्या बाबतीत बहुतेक कंपन्यांची रीत सारखीच राहिली आहे: दोन-तीन वर्षे अपडेट द्यायचे आणि मग हात वर करायचे. आमच्या मोबाईलला शेवटचा सुरक्षा अपडेट २०२१ च्या अखेरीस आला. त्यानंतर अँड्रॉईडमध्ये जी जी भोके सापडली आणि बुजवली गेली, ती आमच्या मोबाईलमध्ये उघडीच आहेत. मोबाईल हँग होतो हे आम्ही सहन करू. पण ज्या बायामाणसांनी विश्वासाने कागद आमच्या हाती दिले, त्यांचे कागद उघड्या दारात ठेवणे सहन करण्यासारखे नाही.

आमच्यातला एक आयटीआयचा पोरगा म्हणाला, "यात कस्टम रॉम टाकू. एका रात्रीत मोबाईल नवा होईल." त्या दिवसापासून आमच्यात वाद सुरू झाला. दोन्ही बाजू आम्ही इथे मांडतो, कारण दोन्हींत तथ्य आहे.

आधी शब्द समजून घेऊ. आपल्याकडे मोबाईलच्या दुकानात 'सॉफ्टवेअर मारून देतो' म्हणतात. त्यात बहुतेक वेळा कंपनीचेच जुने सॉफ्टवेअर पुन्हा भरले जाते. मोबाईल काही दिवस बरा चालतो, पण सुरक्षा जुनीच राहते. कस्टम रॉम ही वेगळी गोष्ट आहे. अँड्रॉईडचा पाया लिनक्सवर उभा आहे आणि त्याचा मूळ कोड गुगल जगासाठी खुला ठेवते. तो घेऊन जगभरातले स्वयंसेवक जुन्या मोबाईलसाठी नवी आवृत्ती तयार करतात. सायनोजेनमॉड हा त्यातला मोठा प्रकल्प होता. त्यामागच्या कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये हात काढून घेतला, तेव्हा त्याच कोडवर स्वयंसेवकांनी लिनिएजओएस उभे केले. ते आजही चालू आहे आणि कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या अनेक मोबाईलना त्याने वर्षानुवर्षे जगवले आहे.

पण ते टाकण्याआधी बूटलोडरचे कुलूप उघडावे लागते. बूटलोडर म्हणजे मोबाईल सुरू करताना सर्वांत आधी जागा होणारा प्रोग्राम. कंपनीची सही नसलेले सॉफ्टवेअर तो आत येऊ देत नाही. काही कंपन्या कुलूप उघडायची परवानगी देतात, काही देतच नाहीत. आणि कुलूप उघडताच मोबाईलमधला सगळा डेटा पुसला जातो. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा. आमचा सगळा वाद पुढे त्याच वाक्यावर येऊन अडला.

कुलूप उघडावे, असे म्हणणाऱ्यांची बाजू आधी.

आम्ही पूर्ण पैसे मोजून वस्तू घेतली, तरी तिच्यात काय चालावे हे ठरवण्याचा हक्क विकणाऱ्याकडेच राहतो. कागदावर हक्क असणे आणि तो वापरता येणे यांतले अंतर आपल्या समाजाला कुणी शिकवायची गरज नाही. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला, पण पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. मोबाईलचे कुलूप आणि चवदार तळे एका मापाने मोजावे, असे आमचे म्हणणे नाही. तिथे माणूसपणाचा प्रश्न होता, इथे वस्तूचा आहे. पण ठरावाने हक्क मिळत नसतो, वापराने मिळतो, एवढा धडा दोन्हीकडे लागू पडतो.

दुसरा मुद्दा साधनांच्या मालकीचा. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' सुरू केले, ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' काढले आणि पुढे स्वतःचा छापखानाही उभा केला. दुसऱ्याच्या छापखान्यावर आणि दुसऱ्याच्या मर्जीवर आपले बोलणे चालत नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होते. आज आपला छापखाना आपल्या खिशात आहे, पण त्याची किल्ली दुसऱ्याकडे आहे. हा केवळ तंत्राचा मामला नाही. २० ऑक्टोबर २०२२ ला भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. ज्या कंपन्यांना प्ले स्टोअर हवे, त्यांना अँड्रॉईडच्या वेगळ्या आवृत्त्यांवर चालणारे मोबाईल काढता येऊ नयेत अशी कराराने बांधणी केली होती, हा त्यातला एक ठपका होता. अपील न्यायाधिकरणाने २०२३ साली दंड कायम ठेवला. म्हणजे कोड खुला असूनही वाट बंद ठेवता येते, हे सरकारी आयोगाच्या निकालातच आले आहे.

तिसरा मुद्दा कचऱ्याचा. आपण टाकून दिलेला मोबाईल हवेत विरत नाही. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत गरीब मजूर हातोडी, आग आणि आम्ल घेऊन असल्या वस्तू फोडतात, त्यातून धातू काढतात आणि तो धूर आपल्या फुप्फुसात घेतात. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या इतरांची घाण उचलली, त्याने तरी आपली घाण कुणाच्या दारात जाते हे विचारले पाहिजे. विनयपिटकात याविषयी एक मोलाचा प्रसंग आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. राजाला शंका आली, हा भिक्खू एवढ्या वस्त्रांचे करणार काय? आनंदाने सांगितले, ज्यांची चीवरे झिजली त्यांना वाटू. मग झिजलेल्या चीवरांचे काय? अंथरूण करू. त्याहून जुन्याची गादीची खोळ, मग पायपुसणे, मग फडके, आणि शेवटी त्याच्या चिंध्या चिखलात कालवून जमीन सारवू. राजाचे समाधान झाले. वापराचा हा क्रम आम्हाला फार मोलाचा वाटतो. वस्तू जुनी झाली म्हणून ती टाकायची नसते, तिचे काम बदलायचे असते.

इथवर वाचून कुणीही म्हणेल, मग टाका रॉम आणि व्हा मोकळे. पण दुसरी बाजू ऐका.

याच मोबाईलमध्ये एक व्हिडिओ आहे. इंदापूर तालुक्यातल्या एका गावात आपल्या समाजातल्या एका वृद्धाची अंत्ययात्रा स्मशानभूमीच्या रस्त्यावर अडवली गेली. गावाचे नाव घेत नाही, खटला चालू आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात स्मशानभूमीच्या वापराला अडथळा करणे हा २०१५ च्या दुरुस्तीनंतर स्पष्ट गुन्हा आहे. आम्ही त्या वेळी तिथे होतो आणि चित्रण आमच्या या मोबाईलवर झाले. पोलिसांना पेन ड्राइव्हमध्ये प्रत दिली. मूळ चित्रण मोबाईलमध्येच आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल हा जालन्याच्या निवडणुकीवरून उभा राहिलेला खटला. त्यात १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत द्यायची असेल तर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र लागतेच. मात्र मोबाईलचा मालक स्वतः साक्षीला उभा राहून मूळ मोबाईलच न्यायालयात हजर करत असेल, तर त्या प्रमाणपत्राची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ आले. त्यात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक देणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि फाईलचा हॅशही नोंदवावा लागतो. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा समजा. फाईलमध्ये एक ठिपका बदलला तरी तो बदलतो. त्या तारखेआधीच चालू असलेल्या खटल्यांना जुनाच कायदा लागू राहतो. याचा अर्थ, मूळ मोबाईल जसाच्या तसा असणे हा फिर्यादीच्या हातातला एक भक्कम मार्ग आहे. कुलूप उघडले की तो मार्ग आपण आपल्या हाताने पुसून टाकणार. प्रत उरेल, पण उलटतपासणीत आरोपीचा वकील पहिला प्रश्न काय विचारेल? 'मोबाईलचे मूळ सॉफ्टवेअर तुम्ही काढून दुसरे टाकले, हे खरे आहे काय?' आणि साक्षीदाराला 'होय' म्हणावे लागेल.

त्या वृद्धाच्या पत्नीला आम्ही हे सगळे समजावून सांगितले. आजी शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या मालकाची शेवटची वाट हाय त्यात. ती पुसू नगा." कायद्याची एवढी पाने चाळून आम्ही जिथे पोचलो, तिथे आजी एका वाक्यात आधीच उभ्या होत्या.

आणखी तीन अडचणी आहेत आणि त्या पोरांनी उत्साहाच्या भरात विसरू नयेत.

पहिली, कस्टम रॉमने सगळी भोके बुजत नाहीत. अँड्रॉईडचा भाग नवा होतो, पण चिपच्या आणि नेटवर्कच्या आतल्या सॉफ्टवेअरचे दुरुस्तीकाम चिप बनवणाऱ्या आणि मोबाईल बनवणाऱ्या कंपन्यांच्याच हातात असते. त्यांनी सोडले की ते जुनेच राहते.

दुसरी, कुलूप उघडे राहिलेला मोबाईल ज्याच्या हातात पडेल, त्याला त्यात फेरफार केलेले सॉफ्टवेअर घालणे सोपे जाते. आपल्या कार्यकर्त्यांनी हा धोका हसण्यावारी नेऊ नये. भीमा-कोरेगाव प्रकरणात रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये मालवेअरद्वारे बाहेरून कागदपत्रे घुसवली गेली, असा अहवाल आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने दिला आणि तो फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. पण यंत्रात आपण न ठेवलेली वस्तूही सापडू शकते, एवढी सावधगिरी तरी प्रत्येकाने त्यातून घ्यावी. २०१९ साली पेगासस हेरगिरीबाबत व्हॉट्सॲपने ज्यांना सावध केले, त्यांत प्रा. आनंद तेलतुंबडे होते. असली हेरगिरी कस्टम रॉमने थांबते, असे कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

तिसरी अडचण रोजच्या कामाची. बँकांची आणि यूपीआयची अनेक ॲप्स मोबाईलचे कुलूप उघडे आहे का ते तपासतात आणि उघडे दिसले की चालायला नकार देतात. काही चालतात, काही नाही, आणि आज चालणारे उद्या बंद पडू शकते. ज्या मोबाईलवर शिष्यवृत्तीच्या अर्जांचे ओटीपी येतात आणि वर्गणीचा हिशेब चालतो, त्यावर असा जुगार खेळता येत नाही. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी लासुर्ण्याची एखादी पोर विहारात येऊन बसली आणि आमचा मोबाईलच उठला नाही, तर तिचे वर्ष जाईल. आमचा प्रयोग, पण किंमत तिची. हे आम्हाला मान्य नाही.

म्हणजे पाहा, पेच कुठे आहे. पीडितांची माहिती सुरक्षित ठेवायची तर सॉफ्टवेअर नवे हवे. पीडितांना न्याय मिळवून द्यायचा तर सॉफ्टवेअरला हात लावता येत नाही. दोन्ही बाजूंना तीच माणसे उभी आहेत.

आमच्या काही ज्येष्ठांचा सूर असा होता की ही यंत्रेच नकोत, जुन्या काळी वहीवर काम होतच होते. त्यांना आम्ही आदराने सांगितले की ही वाट बाबासाहेबांची नाही. 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या १९४५ च्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली आहे. दोष यंत्राचा नाही, खासगी मालकी आणि नफा यांनाच पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय सुसंस्कृत जीवन नाही. म्हणून यंत्र सोडायचे नाही, यंत्राभोवतीची रचना बदलायची.

मग आमच्या लक्षात आले की प्रश्नच चुकीच्या पद्धतीने मांडला जात होता. 'मोबाईलमध्ये रॉम टाकायचा की नाही' असे विचारले की माणसे दोन तट करून भांडतात. 'कोणत्या कामासाठी कोणता मोबाईल' असे विचारले की उत्तर मिळते. शेवटी बैठकीत ठरले ते असे.

व्हिडिओ असलेल्या मोबाईलला हात लावायचा नाही. त्यातून सिम काढले, तो एअरप्लेन मोडवर टाकला, मूळ फाईलची प्रत केबलने संगणकावर घेतली, हॅश काढून ठेवला आणि कुठल्या दिवशी कुणाच्या समोर काय केले ते वहीत लिहून सह्या घेतल्या. बॅटरी अर्धी भरून मोबाईल बंद करून ठेवला. दर तीन-चार महिन्यांनी दोघांनी मिळून तो चार्ज करायचा आणि नोंद करायची. खटला संपेपर्यंत तो मोबाईल म्हणजे साक्षीदार आहे. साक्षीदाराला आपण नवे कपडे घालत नाही.

चालू कामासाठी अपडेट मिळणारा नवा मोबाईल वर्गणीतून घ्यायचा. साधारण बारा हजारांचा प्रश्न आहे. यावर कुणी म्हणाले, एवढे पैसे कुठून आणायचे? आम्ही विचारले, जयंतीच्या मिरवणुकीत डीजेला एका संध्याकाळचे किती देतो? त्यावर कुणी काही बोलले नाही, आणि पैसे जमले. मोबाईल घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते न विचारता सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार ते आधी विचारले.

आणि कस्टम रॉम? तो टाकायचा, पण घराघरांत कपाटात पडून राहिलेल्या मोबाईलमध्ये. प्रत्येक वस्तीत असे दोन-चार मोबाईल निघतात. अशा मोबाईलना सिम नको, बँक नको, पीडितांची कागदपत्रे नकोत. त्यांत लिनिएजओएस टाकायचे, महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेले 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर लेखन आणि भाषणे'चे खंड भरायचे, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स भरायच्या आणि ते विहारातल्या अभ्यासिकेत पोरापोरींच्या हाती द्यायचे. प्रयोग फसला आणि मोबाईल कायमचा मेला, तरी कुणाचे वर्ष जाणार नाही, कुणाचा खटला पडणार नाही. चीवराचे अंथरूण झाले. आनंदाने सांगितलेला क्रम हाच.

या कामाला आम्ही तीन अटी घातल्या आहेत. पहिली, आपल्या मोबाईलचे मॉडेल लिनिएजओएसच्या अधिकृत यादीत असेल तरच पुढे जायचे. कुठूनही उचललेल्या फाईली टाकायच्या नाहीत. दुसरी, दुकानात आयएमईआय बदलून देण्याची गोष्ट निघाली तर तिथून उठायचे, कारण तो गुन्हा आहे. तिसरी अट आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची: ही विद्या एकाकडे राहता कामा नये.

आयटीआयचा तो पोरगा हुशार आहे, मनाचा चांगला आहे. पण उद्या तो चाकणला नोकरीला गेला तर? आणि न गेला तरी, बिघडले की त्याच्याकडे धाव घ्यायची, तो सांगेल ते करायचे, का करायचे ते विचारायचे नाही, ही रचना आपल्याला नवीन आहे का? मंत्र एकालाच येतो आणि बाकीच्यांनी हात जोडायचे, याच्याविरुद्ध तर आपली सगळी लढाई. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही ज्ञानाच्या मक्तेदारीवर पाने भरून लिहिले. ती मक्तेदारी आपल्याच विहारात, आपल्याच पोराच्या रूपाने, प्रेमाने उभी राहू शकते. म्हणून प्रत्येक मोबाईलवर किमान दोघांनी काम करायचे, त्यातली एक मुलगी असलीच पाहिजे, आणि केलेली प्रत्येक पायरी मराठीत लिहून अभ्यासिकेत लावायची. या कामाची जवळपास सगळी माहिती आज इंग्रजीत आहे. ती मराठीत आणणे हे स्वतंत्रपणे करण्यासारखे काम आहे आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

मित्रांनो, तुमच्या वस्तीतही असा एखादा मोबाईल असेल. ठरवण्याआधी एवढेच विचारा: यात कुणाचे काय आहे, ते गेले तर भरपाई कोण देणार, आणि हे काम आपल्याशिवाय आणखी किती जणांना येते? पुरावा असेल तर आजच मूळ फाईल जपा. व्हॉट्सॲपवर फिरवलेला व्हिडिओ दाबून लहान झालेला असतो, तो मूळ पुरावा नव्हे. पुरावा नसेल, तर कपाटातला मोबाईल बाहेर काढा आणि दोघे-तिघे मिळून बसा.

आजींच्या खटल्याची पुढची तारीख लागली आहे. मूळ मोबाईल घेऊन आम्ही तिथे जाणार आहोत.

जय भीम! नमो बुद्धाय!